बॅटरी पारखणाऱ्या सिस्टर

आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टर बॅटरी घ्यायला आल्या की आधी दुकानदाराचा, म्हणजे माझा, हात मागायच्या. "हात द्या इकडं," म्हणत मला दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत न्यायच्या आणि माझ्या तळहातावर उजेड मारायच्या. मग अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून आत बघायच्या. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "बाई बॅटरी घेऊन राह्यल्या का जावई पसंत करून राह्यल्या?" सिस्टर आतूनच म्हणाल्या, "याच्यात रक्त हाय का बघून राह्यले."

अंकुशनगरच्या रस्त्यावरचं आमचं गाव. दोन हजार सालानंतरची ती वर्षं भारनियमनाची. वीज असायची कमी आणि जायची जास्त. उपकेंद्रातल्या बाळंतपणाच्या खोलीला एकच खिडकी, तीही बायांच्या लाजेखातर बंद. त्यामुळे भर दुपारीसुद्धा सिस्टरांचा सगळा भरवसा बॅटरीवर. बाकीची गिऱ्हाइकं विचारायची, उजेड किती लांब पडतो, सेल किती दिवस जातात. सिस्टरांचा सवाल एकच, लाल ते लाल दिसतं का. "मला काही रानातलं डुक्कर न्हाई बघायचं. बाईच्या डोळ्यातली लाली बघायचीय," म्हणायच्या. त्यांची जुनी दोन सेलची बॅटरी होती, पिवळ्या बल्बाची. तिच्यावर त्या खूश होत्या.

दुखणं एकच, ती धरायला माणूस लागायचा. बाळंतिणीची सासू बॅटरी धरी, आणि नेमक्या वेळी घाबरून उजेड भलतीकडंच नेई. "एकीनं तर माझ्याच तोंडावर धरली. नातू जसा काही माझ्या तोंडातून येणार होता," असं सांगून सिस्टर स्वतःच हसायच्या.

मला नव्या वस्तूंचं भारी वेड. शहरातल्या मस्तगड भागातल्या एका दुकानातून मी डोक्याला बांधायची एलईडी बॅटरी आणली. सिस्टरांनी पट्टा कपाळावर चढवला, दोन्ही हात हवेत मोकळे हलवले आणि पोरीसारख्या हरखल्या. मग त्या उजेडात माझा तळहात बघितला.

"तुमचा हात पांढरा दिसून राह्यला."

"सिस्टर, उजेडच पांढरा आहे. सवय होईल," मी म्हणालो. मोकळ्या हातांचा मोह मोठा. त्या बॅटरी घेऊन गेल्या.

आठ दिवसांनी, बाजाराच्या दिवशी त्या परत आल्या. "यात समद्याच बाया पांढऱ्या दिसतात. खरंच पांढरी कोण पडली ते कळत न्हाई. माझ्या जुन्या बॅटरीचा बल्ब गेलाय, तेवढा द्या."

बल्ब होते. माळ्यावर खोक्यात होते, शिडी लावावी लागली असती. पुढ्यात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. मी म्हणालो, "ते आता येणंच बंद झालंय, सिस्टर."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

पुढच्याच महिन्यात माझी वहिनी बाळंत झाली. भर दुपार, वीज गेलेली. दादा आणि मी उपकेंद्राच्या पायरीवर बसलो होतो. सिस्टर दारात आल्या, कपाळावर ती बॅटरी तशीच चालू. "मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत," म्हणाल्या. मी जिलेबी आणायला गेलो.

वहिनीचं रक्त थांबलं नव्हतं, आतल्या आत जातच होतं. सिस्टरांनी मधूनमधून तिची पापणी ओढून बघितली होती. पांढरी दिसली. पण त्या उजेडात रोज सगळ्यांचीच तशी दिसायची. हाताखाली नाडी पळायला लागली तेव्हा त्यांनी धावत जाऊन खिडकी उघडली, आणि उन्हात वहिनीचे पांढरेफटक ओठ दिसले. जीप मिळाली, पण अंबडच्या दवाखान्यात पोचण्याआधीच वहिनी गेली.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रापुढं गाव जमलं. "तुमचे डोळे फुटले होते का?" दादा ओरडत होता. सिस्टर म्हणाल्या, "मला उशिरा कळलं. चूक माझी हाय." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, पण दुकानाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. इतका हलका माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, आणि तो मीच होतो.

बदली त्यांनी स्वतःच मागून घेतली. जाण्याच्या दिवशी मी एसटीच्या थांब्यावर गेलो. त्या एकट्याच होत्या, सोडायला कोणी आलं नव्हतं. मी म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी बल्ब होते. माळ्यावर होते. मी खोटं बोललो."

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? भावाला सांगा." गाडी आली. मी पिशवी उचलायला हात पुढं केला. त्यांनी दिली नाही.

पुतणी आता दहावीला आहे. परवा दुकानात बसली असताना तिनं मला विचारलं, "काका, आई कशानं गेली?" मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो. तेवढ्यात आतून दादा म्हणाला, "त्या सिस्टरच्या हलगर्जीपणानं, आणखी कशानं?"

मी गिऱ्हाइकाला विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"