कासऱ्याचं दुसरं टोक

मी गुरांचा डॉक्टर आहे आणि मला जुन्या लेन्सेसचं वेड आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण संबंध आहे हो! अडलेली गाय सुटली की मालक खूश होतो, चहा येतो, घरातली सगळी जमतात आणि मी हळूच विचारतो, "घरात कुणाचा जुना कॅमेरा वगैरे पडलाय का?" गोठ्यापर्यंत पोचलेला माणूस माळ्यापर्यंत पोचतोच. सोनईत एक लेन्स मला लवंगांच्या डब्यात मिळाली. पारनेरच्या बाजारात दुसरी भंगारवाल्याच्या काट्यावर चढली होती, ती मी अक्षरशः हात घालून ओढली.

मला हव्या असतात त्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या लेन्सेस. या कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघितलं की समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात. कडं फिरवून ती एकावर एक बसवायची, बसली की फोकस झाला. लेन्स एवढीशी, मुठीत मावणारी, पण पितळेची आणि जड. ती हातात आली की मी जनावराचे डोळे तपासायची टॉर्च काढतो आणि आरपार उजेड मारतो. बुरशी, ओरखडे, धूसरपणा, सगळं दिसतं. मोतीबिंदू काय फक्त बैलालाच होतो?

माझ्याकडे अशा चौदा जमल्या होत्या. बायको कपाट पुसताना म्हणायची, "अहो, चौदा डोळे आणून ठेवलेत घरात. एकानं तरी माझ्याकडं बघितलंय का?" मी हसण्यावारी न्यायचो. माझं सगळं लक्ष जी नव्हती तिच्याकडे. पस्तीस एमएमची, जुनी जर्मन. मोबाईलवरच्या लिलावात ती सहा वेळा शेवटच्या क्षणी माझ्या हातून गेली होती आणि सहाही वेळा मी घरात कुणाशी धड बोललो नव्हतो.

खंडेनवमीला सकाळी श्रीगोंद्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरून फोन आला. गाईचं पोट फुगलंय, लगेच या. गेलो, नळी घातली, गॅस काढला, गाय शेपूट हलवायला लागली. हात धुवायला ओट्यावर गेलो आणि तिथेच थिजलो. ओट्यावर हत्यारांची पूजा मांडलेली होती. कोयता, विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने आणि त्यांच्या मधोमध हळदीकुंकू लावलेला एक कॅमेरा. त्यावर माझी पस्तीस! आयला! छातीत असं धडधडलं की आता या गाईऐवजी मलाच नळी घालावी लागते की काय असं वाटलं.

मी सरळ हात घातला आणि कॅमेरा उचलला.

"अवो अवो डाक्टर!" घरातली म्हातारी ओरडली. "पूजेतलं हत्यार हाय ते! उद्या सोनं लुटल्याबिगर उचलत न्हाईत. एवडं शिकलेलं तुमी!"

लाजेनं कान गरम झाले. मी चटकन कॅमेरा जागेवर ठेवला. तिच्या नवऱ्याने, म्हाताऱ्या बाबांनी, मात्र हसून मला खाटेवर बसवलं. कॅमेरा त्यांचाच. तरुणपणी ते सायकलवर उसाच्या फडात जायचे आणि तोडणीला आलेल्या लोकांचे फोटो काढायचे. तोडणीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. असे शेकडो कोयते त्यांनी काढले होते. पाथर्डी-शेवगावकडे गावी राहिलेल्या लेकरांना ते फोटो धाडले जायचे.

"पर कोप्यांवर, त्यांच्या झोपड्यांवर, माणसं सापडायची ती दिवस उगवायच्या आदी," बाबा म्हणाले. "फोटूला फ्लॅश हुता, पर अंधारात त्या खिडकीत काय दिसतंय? म्हनून कासरा केला."

कासरा म्हणजे बैलाची दोरी. त्यांनी आढ्याला टांगलेली ती काढून दाखवली. फुटाफुटावर गाठी. एक टोक कॅमेऱ्यापाशी, दुसरं माणसाच्या नाकापाशी. गाठी मोजायच्या आणि लेन्सवर तेवढा आकडा लावायचा. डोळ्याचं काम नाही!

"आनि ते दुसरं टोक नाकाशी धरायला मी," मघाशी ओरडलेल्या मावशी म्हणाल्या. "सायकलच्या मागं बसून सगळे फड हिंडले. ह्यांनी 'हां' म्हनलं की मी बाजूला, मग फोटू. घरात माजा एक न्हाई."

"दिव्याखाली अंधार," बाबा पुटपुटले.

मी लेन्स मागितली. बाबांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी पदर खोचला. "उद्या या. ह्यांच्या हातनं माजा एक फोटू निगू द्या, मग खुशाल न्या. दुसरं काय नगं मला."

दसऱ्याला मी आपट्याची पानं, रोल आणि माझा कॅमेरा घेऊन दुपारीच हजर. बाबांच्या कॅमेऱ्याच्या शटरचा पडदा फाटलेला, म्हणून सोनं देऊन पूजा उतरवल्यावर लेन्स काढून मी माझ्या कॅमेऱ्यावर चढवली. कुंकू फुंकून टॉर्च मारली. काच लखलखीत! एवढ्या वर्षांत बुरशीचा ठिपका नाही. मी लहान पोरासारखा हसत होतो. मावशी इरकल नेसून अंगणातल्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. बाबांना मोतीबिंदू, खिडकीतली दोन चित्रं त्यांना कुठून जुळणार? म्हणून कासरा निघाला. मावशींनी टोक स्वतःच्याच नाकाशी धरलं. बाबांनी गाठी मोजल्या, आकडा लावला, कॅमेरा उभा धरला आणि म्हणाले, "हां." जरा थांबले आणि खटका दाबला. मी मावशींकडे बघतच नव्हतो. लेन्सकडे बघत होतो, खोटं कशाला सांगू?

लेन्स खिशात घालून मी घरी आलो तो शीळ घालत.

दोन दिवसांनी बाथरूममध्ये रोल धुतला. ओली पट्टी उजेडाला धरली. लिंबाचं खोड होतं, मागचा गोठा होता. कडेला साडीचा काठ आणि कासरा धरलेली चार बोटं. मावशी नव्हत्याच. 'हां' ऐकल्याबरोबर त्या बाजूला झाल्या होत्या आणि बाबाही त्या बाजूला होईपर्यंत सवयीनं थांबले होते. आयुष्यभराची रीत दोघांनी चोख पाळली होती.

आता खरं सांगतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की रोल खराब निघाला म्हणून सांगावं. फोटो निघाला नाही तर लेन्स माझी कशी? आणि बाबांचे डोळे असे, मावशींची सत्तरी उलटलेली, परत कुठून जमायचं? दोन दिवस मी लेन्स नुसती हातात घेऊन बसत होतो. एकही फोटो काढवला नाही. चौदांपैकी कुठलीच मला अशी कधी टोचली नव्हती. तिसऱ्या दिवशी फोटो छापला आणि गाडी काढली.

मावशींनी फोटो हातात घेतला. मग तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की ठसका लागला. "अगं बाई! पाय आपसूक गेले की!" बाबा हसले नाहीत. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ती चार बोटं बघत बसले.

मी लेन्स चढवलेला कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "बाबा, पुन्हा. या वेळी कासरा मी धरतो आणि तुम्ही 'हां' म्हणायचं नाही."

मावशी लिंबाखाली उभ्या राहिल्या. मी टोक त्यांच्या नाकाशी धरलं, बाबांनी गाठी मोजल्या, मी बाजूला झालो. मावशींचे पाय चुळबुळले. "मावशी, हलायचं नाही!" मी ओरडलो. त्यांनी अंगठे मातीत रोवले. खटका वाजला. मी आनंदानं उडीच मारली, गाय बुजली!

बाबांनी मात्र कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

"अवो, झालं न्हवं?" मावशी म्हणाल्या.

"थांब गं," बाबा म्हणाले. "तू ह्याच्यातनं कशी दिसती, मला ठावंच न्हवतं. धुरकट हाय, पर दिसती. कायम कडंलाच ठिवली तुला."

मावशींनी मान फिरवली आणि डोळे पुसले. मला कुठे बघावं कळेना.

निघताना बाबांनी लेन्स माझ्या हातात ठेवली आणि तिच्यावर कासऱ्याची गुंडाळी. "ह्यो बी न्या. जोडीचं हाय ते."

घरी बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. कासऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.

"हे काय आता? बैल आणलाय का?"

"नाकाशी धर," मी म्हणालो. गाठी मोजल्या, लेन्सवर आकडा लावला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. "आता सोड. आणि तिथंच उभी राहा."