धुऱ्यावरचा खांब

टीकाराम भाटवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमगावच्या माझ्या दुकानात बियाण्याच्या थैल्या लावत होतो. फोन माझ्या मोठ्या बहिणीचा होता. घरात सगळे तिला बाई म्हणतात. "जेवले, हात धुतले, खाटेवर बसले... अन् बसूनच रायले," एवढंच ती म्हणाली. मला कळलंच नाही. मी म्हणालो, "मंग उठव ना त्यायले." आपण असं कसं बोललो, याची मला आजही लाज वाटते.

आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. साळ्याने भाटव्याची टिंगल करायची आणि भाटव्याने ती खपवून घ्यायची, अशी रीत. ती मी पंचवीस वर्षं मनापासून पाळली. जाण्याच्या चारेक दिवस आधी ते दुकानात आले होते. सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "हेमराज, एक दिवस बांधीकडं चाल माह्यासंगं. तो खांब..." तेवढ्यात एक गिऱ्हाईक फवारणीचा पंप घेऊन भांडायला आलं. मी वळून पाहिलं तोवर भाटवे सायकलवर बसले होते. "पुढच्या आठवड्यात जाऊ," मी ओरडून सांगितलं. त्यांनी मागे न बघता हात वर केला. ते पुढे काय बोलणार होते, हे मला माहीत नाही. महिनाभर मी ते वाक्य नाना तऱ्हांनी पुरं करून पाहतो आहे आणि दर वेळी वेगळाच अर्थ निघतो.

भाटवे गॅसच्या पाइपलाइनवर लाइनवॉकर होते. जमिनीखालून जाणाऱ्या पाइपावरून रोज पायी चालायचं, कुणी खोदतंय का, कुणी झाड लावतंय का, कुणी भिंत उभी करतंय का ते बघायचं, आणि संध्याकाळी रजिस्टरात लिहायचं, असं ते काम. त्यांच्या वाट्याला सात किलोमीटर होते, बहुतेक सगळे बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या शेतांमधून. त्याआधी ते सालेकशाच्या जंगलात तेंदूपानाचे पुडे मोजून घ्यायचे. तिथेही त्यांचा लौकिक असा की ओलं पान पुड्यात खपवायचं असेल तर बायका टीकारामच्या सुट्टीचा दिवस बघायच्या.

पाइपलाइन आली तेव्हाची एक गंमत सांगायलाच हवी. ग्रामपंचायतीत सभा होती. बाहेरून आलेला अधिकारी हिंदीत म्हणाला, "ज़मीन आपकी ही रहेगी, ये पट्टा भी आपका ही रहेगा, बस इसमें खोदना नहीं, पेड़ नहीं लगाना." आता आमच्या भागात पट्टा म्हणजे जंगलातली जमीन तुमच्या नावावर झाल्याचा कागद. त्यासाठी लोकांनी हयात घालवलेली. पट्टा तुमचाच राहील म्हटल्याबरोबर मागे बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी उठून म्हणाली, "साहेब, कागद कधी भेटंल?" साहेबाला वाटलं ती नोटिशीचा कागद मागतेय. तो म्हणाला, "अगले महीने." झालं. पुढची दोन-तीन वर्षं भाटवे जिथे जातील तिथे लोक पट्ट्याचा कागद मागायचे. भाटवे बिचारे प्रत्येकाच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उकिडवे बसून समजावायचे, की बाबा, हा पट्टा म्हणजे पाइपावरची नुसती पट्टी, जमीन तुझीच, पण खालचा पाइप तुझा नाही. लोक मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "ते समजलं, पण कागद?"

या पट्टीवर ठरावीक अंतराने पिवळे खांब असतात. खाली गॅसचा पाइप आहे, खोदण्याआधी या क्रमांकावर फोन करा, असं त्यांवर लिहिलेलं असतं. आता बांधीच्या मधोमध उभा खांब कोणत्या शेतकऱ्याला सोसेल? चिखलणीला ट्रॅक्टर वळवता येत नाही, रोवणीवाल्या बायकांची दोरी त्याला अडते. आणि आमच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं पक्कं बसलेलं, की खुणेचा दगड असो की खांब, त्याची जागा धुऱ्यावर. म्हणून लोक तो उपटायचे आणि मोठ्या इमानदारीने धुऱ्यावर नीट गाडून ठेवायचे. फेकत कुणीच नसे. उलट काही जण दसऱ्याला त्याला फूलही वाहायचे. भाटव्यांनी हे प्रत्येकाला बोलून बोलून बंद केलं. सख्ख्या चुलतभावाला त्यांनी भर चौकात सुनावलं होतं, "खांब सरकवला म्हंजे पाइप सरकते का रे? कायले अक्कल गहाण टाकून रायला?" भाऊ दोन वर्षं बोलला नाही. खांब मात्र परत जागेवर गेला.

आणि तरीही माझ्या बांधीतला खांब धुऱ्यावर होता.

तो मीच नेला होता. एका पावसाळ्यात भाड्याचा ट्रॅक्टर दारात उभा, ड्रायव्हरला पुढच्या गावी जायची घाई. मी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि अर्ध्या तासात काम उरकलं. भाटवे येऊन शिव्या घालतील म्हणून मी तयारच होतो, दोन-चार चिमटेही जुळवून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ते आले. धुऱ्यावरचा खांब पाहिला, मग बांधीच्या मध्यावर पाहिलं, तिथे चिखलच चिखल. माझ्याकडे पाहिलं. "रोवना कधी हाये?" एवढंच विचारून पुढे निघून गेले. मला तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, जगासाठी नियम आणि साळ्यासाठी सूट. गावात मी हे मिशीला पीळ देऊन सांगितलं नाही इतकंच.

नंतर दिल्लीहून नियामक मंडळाचं तपासणी पथक आलं. त्यात एक तरुण अधिकारी मॅडम होत्या, बूट चिखलाने भरलेले, पण तक्रार नाही. त्यांनी भाटव्यांचं रजिस्टर पान पान उलटून पाहिलं. मग मला विचारलं, "आप ज़मीन मालिक हैं? पाइपलाइन कहाँ से जाती है, मालूम है आपको?" मी भाटव्यांकडे पाहिलं. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. मी खांबाकडे बोट दाखवलं. मॅडमनी कागदावर बरोबरची खूण केली आणि म्हणाल्या, "गुड. मालिक जागरूक है." भाटवे अजून नाडीच बांधत होते. परतताना आम्ही दोघंही दुसरंच काहीतरी बोललो, बहुधा धानावरच्या तुडतुड्याबद्दल.

भाटवे होते तोवर या गोष्टीने काही बिघडलं नाही. पाइप कुठून जातो ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं. खांब काहीही सांगो, कुणी चुकीच्या जागी कुदळ घातली की ते हजर. पण त्यांना जाऊन तीन आठवडे झाले आणि शेजारचा फागुलाल दुकानात आला. पाइप माझ्या बांधीतून तिरपा निघून त्याच्या बांधीत शिरतो. त्याला तिथेच बोडी खोदायची होती. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. जेसीबी ठरलेला. मी म्हणालो, "तेथी पाइप असंल बापा." तो म्हणाला, "नाही नं. तुह्या धुऱ्यावरचा खांब अन् तो पल्याडचा खांब धरून पाह्यलं. पाइप माह्या कोपऱ्याले शिवतबी नाही. नव्या लाइनवॉकरलेबी इचारलं, तोबी तेच म्हणून रायला." मी त्याला कसंबसं चार दिवस थांबवलं. काऊन थांबू, हे त्याने तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा मी वेगळं कारण दिलं.

त्या दुपारी मी सब्बल घेऊन एकटाच बांधीत गेलो. गुपचूप खांब मूळ जागी नेऊन ठेवावा, म्हणजे कुणाला काही सांगायला नको, असा विचार होता. धान कापून बांधी रिकामी पडली होती. धुऱ्यापासून पावलं मोजत गेलो, चौदाव्या पावलावर वाटलं, हीच जागा. परत मोजलं तर वीस झाली. मधल्या काळात एक आडवा धुरा मोडून मी दोन बांध्यांची एक केली होती, त्यामुळे कोणताही कोपरा ओळखीचा उरला नव्हता. माझी वडिलोपार्जित जमीन, आणि तिच्या मधोमध मी भूल पडल्यागत उभा. खांब नेमका कुठे होता ते जगात एकाच माणसाला माहीत होतं. भाटव्यांचा मला राग आला. मेल्या माणसाचा एवढा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. तेव्हाच कान धरला असता तर? चुलतभावाचा धरला तसा?

कंपनीने माझ्या बहिणीला, बाईला, निरोप दिला होता की सुरक्षा सप्ताहात भाटव्यांचा मरणोत्तर सत्कार होणार, एकही चूक नसलेला माणूस म्हणून. मी बाईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तिने आतून रजिस्टरांच्या कच्च्या वह्या आणल्या. घरी बसून कच्चं लिहायचं आणि मग पक्कं, अशी त्यांची शिस्त. ट्रॅक्टरवाल्या पावसाळ्यापासून आम्ही चाळत गेलो. इतरांच्या बारीकसारीक गोष्टी होत्या, कुणाचं आंब्याचं रोप, कुणाचा कडब्याचा ढीग. माझ्या बांधीपुढे रोज एकच शब्द, ठीक. ठीक. ठीक. त्यांच्या वळणदार अक्षरात.

"माह्या माहेरची बांधी म्हणून लिवलं नसंल त्यायनं," बाई म्हणाली. "माह्यासाठी."

"नाही, माझ्यासाठी," मी म्हणालो. यावरही आम्ही थोडे भांडलो. मग ती रडली, मग मी. तिला म्हणालो, कंपनीला फोन केला तर सत्कार रद्द होईल, नावही जाईल त्यांचं. ती पदराने नाक पुसत म्हणाली, "शाल घेऊन मी का करू? ट्रंकेत पाच पडल्या हायेत." थोड्या वेळाने तिने विचारलं, "पण तू कायले सरकवला होता रे?" ट्रॅक्टरवाल्याला घाई होती, हे सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुऱ्यावर उभा राहून त्या खांबावरच्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव, गाव, खांबाचा क्रमांक विचारला. उद्याच यंत्र घेऊन माणसं पाठवतो, तोवर कुणाला खोदू देऊ नका, म्हणाला. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी आपण चोरी करतोय असंही वाटलं. भाटव्यांचं राहिलेलं काम मी करत होतो की त्यांना पकडून देत होतो, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आताही कळत नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणालो नसतो तर त्या दिवशी आम्ही दोघं मिळूनच तो हलवला असता, की त्यांना भलतंच काही बोलायचं होतं...

"खंबा कितने दिन से हटा हुआ है?" त्याने विचारलं.

"सहा साल."

"छह साल? लाइनवॉकर रोज़ जाता था ना वहाँ से? उसने कभी रिपोर्ट नहीं किया?"

मी म्हणालो, "नहीं किया. वो मेरे भाटवे थे." भाटवे म्हणजे काय ते त्याला समजलं नसावं. पलीकडे कीबोर्डवर बोटं चालल्याचा आवाज आला. त्याने काय लिहिलं ते मी विचारलं नाही.