डिचोलीच्या फिटिंगचा कोट, कुल्लूची थंडी

गोव्यात थंडी पडली असं आम्ही म्हणतो, तेव्हा पंखा फार तर पाचावरून तीनवर आलेला असतो. पहाटे भोंगा वाजवत पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या कानाला मफलर दिसला की डिचोलीत हिवाळा जाहीर! अशा गावातला मी शिंपी. वडील सावंतवाडीकडून खाणीवरच्या ट्रकवर कामाला आले, मी सोळाव्या वर्षी एका उस्तादाकडे काजं करायला बसलो, आणि आज शाळांचे नि कामगारांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या सहा मशीन माझ्या दुकानात चालतात. लोकरीचा आणि माझा संबंध नवरदेवांच्या सुटापुरता.

तर मग आम्ही ऐन जानेवारीत कुल्लूला कसे गेलो? लेकीमुळे. मृणाल चंदीगडला नोकरी करते. तिने तिथेच विवेक नावाचा कुल्लूचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला, घर सफरचंदाच्या बागावाल्यांचं. पण त्याची आजी नव्वदीची, तिला डोंगर उतरवत नाही. म्हणून साखरपुडा त्यांच्या घरी, आणि तोही अंगणात, कारण सगळं गाव बसायचं.

माझी बायको सुनंदा, पेडण्याची. तिला दमा आहे. थंड हवा लागली की छाती धरते. ती पहिल्या दिवशीच म्हणाली, "तुमी जावा. माका थंय जमूचा नाय."

मृणालने फोनवर सरळ सांगितलं, "आये, तू येणार नसशील तर मी साखरपुडाच करत नाही. मग बसा दोघं डिचोलीत."

आमच्या डॉक्टरांनी सुनंदाला तपासलं आणि परवानगी दिली. नाकातोंडावर उबदार स्कार्फ, चढावर घाई नाही, पंप कायम जवळ, आणि ऊब अजिबात सोडायची नाही. निघताना ते मला म्हणाले, "बाकी कपड्यांचं तुम्हांला काय सांगायचं, तुमचाच धंदा." मी फुललो. तिथेच माझं चुकलं.

कारण सुनंदाची एक अटही होती. "फोटोत माका नारळाच्या पोत्यासारख्या दिसूचा नाय हां. विहिणीसमोर उभी रवतलंय ती नीट दिसाक होयी."

मी म्हटलं, बघच तू.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार गाठला. ज्यांना अशी सहल करायची आहे त्यांना सांगतो, दिल्ली-चंदीगडला जाऊन खरेदी करू असं म्हणत बसू नका, आतले कपडे इथूनच न्या. केळी आणि चवरीस सॉसेजच्या रांगा ओलांडल्या की डिसेंबर-जानेवारीत लुधियानाचे स्वेटर घेऊन उत्तरेकडचे काही विक्रेते बसतात. त्यातल्या एका बाईकडून आम्ही अंगाला लागून बसणारे थर्मल घेतले, वर सैल स्वेटर, लोकरीचे मोजे. घासाघीस करताना तिने विचारलं, "और कोट?"

"कोट मैं खुद सियूँगा," मी छाती पुढे काढून म्हणालो.

"तो अंकल, दो साइज़ बड़ा सीना. नहीं तो छाती पे ताला लग जाएगा."

मी हसलो. तीस वर्षं लोकांना फिटिंग शिकवणाऱ्या माणसाला फुटपाथवरची बाई माप सांगते! सुनंदाने मात्र माझ्याकडे एकदा पाहिलं. मी दुर्लक्ष केलं.

बेळगावहून जाड लोकरीचं कापड मागवलं. सुनंदासाठी गडद जांभळं, माझ्यासाठी राखाडी. माप घेतलं ते ब्लाउजवर, पंख्याखाली, घामाच्या दिवसात. कमरेला आत घेणारे डार्ट, खांदे चपखल, पाच मोठी बटणं. आरशासमोर उभी राहिली तेव्हा दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. सुनंदा लाजली. मला वाटलं, मोहीम फत्ते.

मोप्याच्या नव्या विमानतळावरून विमान सकाळचं. आमच्यासाठी ही मोठी सोय, पूर्वी दाबोळीला जाण्यातच अर्धा दिवस जायचा. विमानतळावर सगळे अर्ध्या चड्डीतले पर्यटक उतरत होते आणि आम्ही दोघं कोट हातावर घेऊन चढत होतो. एक पोरसवदा पर्यटक मित्राला म्हणाला, "भाई, ये लोग कहाँ जा रहे हैं?" मित्र म्हणाला, "एसी बहुत तेज़ होगा." माझे कान तिखट आहेत.

दिल्लीत विमान बदललं, संध्याकाळी चंदीगड. एक रात्र तिथेच काढा, हे माझं सांगणं. थकलेल्या अंगाला थंडी दुप्पट लागते. दुसऱ्या दिवशी मृणालने ठरवलेली टॅक्सी घेऊन, तिच्यासह आम्ही तिघं नवीन महामार्गाने निघालो. बोगद्यांमागून बोगदे. मंडीनंतर नदी बाजूला येते, आणि प्रत्येक बोगद्यातून बाहेर पडताना हवा थोडी अधिक टोचते. ड्रायव्हर वाटेत चहाला थांबला, मी ऐटीत बाहेर उतरलो आणि लगेच आत आलो. ड्रायव्हर म्हणाला, "सर, अभी तो गरम है." त्याच्या अंगात नुसता हाफ स्वेटर.

इथे माझी एक चूक कबूल करतो, तुमच्या कामाला येईल. पाय गरम राहावेत म्हणून मी तीन मोजे एकावर एक चढवले आणि बूट कसून बांधले. तासाभरात बोटं बधिर. मृणाल हसून म्हणाली, "बाबा, एकच लोकरीचा मोजा घाला, बूट सैल सोडा." तसं केलं आणि दहा मिनिटांत बोटांत जीव आला. पायाचं कळलं, पण अंगाचं माझ्या डोक्यात शिरलं नाही.

नग्गर गावाच्या वर एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये आम्ही उतरलो. खोली तापवायला लोखंडी तंदूर, त्यात देवदारची लाकडं. जेवायला सिड्डू, म्हणजे वाफवलेला फुगीर रोट, आत अक्रोडाचं सारण आणि वरून गायीचं तूप. सुनंदाने तीन खाल्ले. खिडकीबाहेर सफरचंदाची झाडं पानांशिवाय उभी, फांद्यांवर बर्फ. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण खरं सांगतो, त्या खिडकीला नाक लावून उभा राहिलो. सुनंदाही माझ्या शेजारी. "दर्यार फेस येता तसो दिसता," ती म्हणाली. तिची छाती त्या दिवशी ठीक होती.

साखरपुड्याच्या सकाळी उजाडलं तेव्हा अंगणातल्या बादलीतलं पाणी गोठलेलं. सुनंदाने हिरवी साडी नेसली, आत थर्मल, वर स्वेटर. मग कोट. बटणं लागेनात. मी ठासून भरलेली पेटी बंद करावी तसा कोट दोन्ही बाजूंनी ओढून पाचही लावली. आरशात बघितलं तर दिसायला अजूनही देखणीच. "बघ," मी म्हणालो. विवेकचं घर वर, दगडी पायऱ्यांचा चढ, धडधाकट माणसाला दहा मिनिटं पुरे. आम्ही हळू निघालो. पुढे मृणाल, तिच्या हातात विहिणीच्या ओटीचं ताट. नारळ आम्ही डिचोलीहून नेले होते. ती ओटी सुनंदाला स्वतःच्या हाताने भरायची होती.

निम्म्या चढावर सुनंदा थांबली. भिंतीला हात टेकला. चेहरा पांढरा, ओठ हलतायत, आवाज नाही. मी पंप दिला. पहिला दाब, दुसरा. काही फरक नाही.

"आये!" मृणालने ताट पायरीवर ठेवलं. "बाबा, परत चला. गाडी बोलवा. नको मला काही."

"मृणाल, थांब गे," सुनंदा कशीबशी म्हणाली. "श्वास... घेवक जमणा नाय."

वरून गलका ऐकून विवेकची आई धावत खाली आली. कमलाजी नाव. अंगावर रंगीत काठांचं जाड लोकरी वस्त्र, डोक्याला रुमाल, गाल सफरचंदासारखे. तिने सुनंदाचा हात धरला आणि दुसरा हात कोटाच्या आत घालायला गेली. बोट आत जाईना.

"ये किसने सिया है?" तिने विचारलं.

"मैंने," मी म्हणालो.

कमलाजीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "भाईसाहब, साँस के लिए जगह कहाँ छोड़ी?"

सुनंदा माझ्याकडे हात करून म्हणाली, "बुतांव... सोडा."

मी बटणं सोडायला लागलो. बोटं थंडीने आखडलेली, काजं मीच घट्ट केलेली. पहिलं, दुसरं. तिसऱ्याला ती जोरात श्वास आत ओढत होती. पाचवं सुटलं आणि कोट उघडला, तशी तिची छाती भरली. एकदा. मग परत. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि रंग हळूहळू परतला. चढ, थंडी, दमा, सगळं होतंच, पण तिच्या छातीवर कुलूप मी लावलं होतं. म्हापशाची ती बाई माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्या कुडकुडीत थंडीत मला घाम फुटला.

कमलाजीने आम्हांला जवळच्या शेजाऱ्यांच्या घरात नेलं, तंदूरजवळ सुनंदाला बसवलं, गरम पाणी पाजलं. अर्धा तास गेला. मग तिने शेजारणीच्या पेटीतून एक पट्टू काढला. पट्टू म्हणजे कुल्लूच्या बायकांचं लांबरुंद लोकरी वस्त्र. अंगाभोवती गुंडाळायचं, दोन्ही खांद्यांवर साखळीने जोडलेल्या चांदीच्या पिना टोचायच्या, कमरेला पट्टा सैल बांधायचा. हिरव्या साडीवर, स्वेटरवर, सगळ्यावर तो अलगद बसला.

मी जवळ जाऊन पाहिलं. धंद्याची सवय. शिवण शोधली. एक टाका नव्हता. ना डार्ट, ना काज, ना कॉलर. आत मूठ सहज जाईल एवढी हवा, आणि तीच हवा गरम.

"कशी गे?" मी विचारलं.

सुनंदाने लांब श्वास घेतला. "आता बरा वाटता." मग मला वरखाली बघून म्हणाली, "तुमीय तो कोट काडा आता. फाटतलो."

मी नाही काढला. अंगणात पोचल्यावर नव्वदीच्या आजीच्या पाया पडायला वाकलो आणि पाठीची शिवण चर्र करून गेली. माझ्या हातची शिवण, आयुष्यात पहिल्यांदा! आजीला कमी ऐकू येतं, पण हा आवाज तिला ऐकू आला. ती एवढी हसली की विवेकने तिला पाठीमागून धरलं. लगेच माझ्या डोक्यावर कुल्लूची टोपी आली आणि पाठीवर शाल. एकट्याने सुटाबुटात यायचं ठरवलं होतं, शेवटी सगळ्यांसारखा झालो.

बर्फावर ऊन पडलं होतं. डोंगर इतके जवळ की हात लावावा. अंगणात ढोल, शहनाई, चुलीवर धामचे, म्हणजे तिथल्या पंगतीच्या जेवणाचे हंडे. सुनंदा उभी राहिली, पाठ ताठ, चेहरा उघडा. कमलाजीची ओटी भरताना तिने दोन्ही हात पट्टूतून मोकळे काढले. नारळ दिला, कुंकू लावलं. मृणाल रडत होती, विवेक तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. गावातल्या दोन बायका आपसांत बोलल्या, "बहू की माँ तो यहीं की लगती है." मी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "आयकाक इला माका." तिचेही कान तिखट आहेत.

रांगेत बसून पत्रावळीवर धाम जेवलो. राजमा, आंबट कढी, गोड भात. दोन तास बाहेर बसलो आणि तिला एकदाही पंप लागला नाही.

निघताना कमलाजीने पट्टू परत घेतला नाही, शेजारणीला दुसरा देईन म्हणाली. परतीच्या प्रवासाचं वेगळं सांगायला नको, फक्त एवढंच: मोप्याला उतरलो, दरवाजा उघडला आणि ओल्या कपड्यासारखी गरम हवा तोंडावर आली. सुनंदाने तो पट्टू अंगावरून काढलाच नाही. वर गाडी डिचोलीऐवजी पेडण्याला घ्यायला लावली, थोरल्या बहिणीकडे. बहीण अंगणात सुपारी सोलत होती. उठून बघत राहिली.

"अगो सुनंदा, घामान भिजलंस मगे!"

"येवंदे घाम," सुनंदा म्हणाली आणि एकदा गोल फिरून दाखवलं.

काय उरलं, तर ते असं. लग्न मेमध्ये डिचोलीत आहे आणि कमलाजीचा रोज फोन येतो की आमच्या उन्हात काय घालायचं. सुनंदा तिला मोडक्या हिंदीत सुती कापडाची जात समजावते. मी तो जांभळा कोट उसवला, पण त्याचं काय करायचं ते ठरवलेलं नाही. आणि दुकानात एक बदल झाला. परवा साखळी गावची एक शिक्षिका शिमल्याला निघालीय म्हणून कोट शिवायला आली. मी तिला स्वेटर घालून उभं केलं, छातीभोवती टेप घेतली आणि वाचायच्या आधी म्हणालो, "बाई, श्वास घ्या. घ्या, अजून घ्या." तिने घेतला. टेप माझ्या बोटांतून सरकली. जिथे थांबली तो आकडा लिहून घेतला.