अल मनखूलमधलं खात्रीलायक सूत्र

दुबईत कुणी ‘आम्ही कायमचे परत चाललो’ असं स्वतःच्या तोंडानं सांगत नाही. व्हिसा कॅन्सल होऊन तिकीट हातात येईपर्यंत माणूस गप्प असतो. नोकरी गेली असेल तर लाजेनं, आणि चांगली मिळाली असेल तर नजर लागेल म्हणून. तो बोलत नसला तरी त्याचं सामान बोलतं. लिफ्टमध्ये सुपरमार्केटचे रिकामे खोके दिसू लागतात. कार्गोवाला टेप घेऊन सोफा मोजायला येतो. मग बाल्कनीतल्या कुंड्या शेजारीपाजारी जातात, आणि सगळ्यात शेवटी तुळस, तीही शक्यतो मराठी घरात. तुळस घेताना ‘का देताय’ असं विचारायचं नसतं. ‘हो, घालू पाणी’ एवढंच म्हणायचं.

अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत या वाचनात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. कोण जाणार ते मला त्या घरातल्या मुलांच्या आधी कळायचं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक मला बाजूला घेऊन विचारायचे, आणि मी आधी नाही-नाही म्हणून मग सांगायचो. ट्रेडिंग कंपनीतून निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी मान लागतो. माझा हा होता.

माझ्या नातीचं क्षेत्र वेगळं होतं. ती एका ब्रिटिश विज्ञानमालिकेची भक्त. ही मालिका माझ्या लग्नाच्याही आधी सुरू झालेली आहे आणि अजून संपलेली नाही. मधे काही वर्षं ती बंद होती, पण भक्तांनी ते मनावर घेतलं नाही. तिचा नायक मरत नाही, फक्त चेहरा बदलतो, म्हणजे नवा नट येतो. घरात जावई बदलला तरी सगळ्यांनी ‘या, बसा’ म्हणावं तसं प्रेक्षक नव्याला स्वीकारतात. आधी महिनाभर शिव्या देतात, तो भाग वेगळा.

मालिकेचे भाग थोडे आणि मधली वाट फार लांब. त्या वाटेवर भक्त बातम्यांवर जगतात. नात इंटरनेटवरच्या अशाच एका भक्त-पानाच्या बातम्यांच्या टीममध्ये होती. टीममध्ये इंग्लंडमधल्या एक निवृत्त शिक्षिका प्रमुख, बाकीचे जगभर विखुरलेले, आणि आमची सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये बसून बातम्या तपासणारी. पुढचा भाग कोण लिहिणार, चित्रीकरण कुठे चाललंय, असल्या गोष्टी. पण सगळ्यात मोठी बातमी एकच, नट कधी सोडून जाणार. मी तिला एकदा म्हटलं, ‘तुमचं आणि आमच्या इमारतीचं सारखंच आहे की.’

ती म्हणाली, ‘आजोबा, वी हॅव स्टँडर्ड्स. टू सोर्सेस, मिनिमम.’

एका शुक्रवारी संध्याकाळी ती हॉलमध्ये त्या नटाची मुलाखत बघत होती. तो आपल्या घरात बसून कॅमेऱ्याशी बोलत होता. मला त्याचं इंग्रजी अर्धंच कळलं, पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. त्याच्या मागची भिंत उघडी होती आणि काढलेल्या तसबिरींचे फिकट चौकोन तेवढे राहिले होते. कोपऱ्यात खोके एकावर एक रचलेले. आणि बोलता बोलता तो हसून म्हणाला की झाडं सध्या शेजारणीकडे आहेत.

‘चालला हा,’ मी म्हणालो.

‘कोण?’

‘हा तुझा नायक. गाशा गुंडाळलाय त्यानं. कुंड्यासुद्धा दिल्या.’

तिनं व्हिडिओ थांबवला. ‘तो सीरिज सोडतोय? आर यू शुअर?’

‘आजवर मी चुकलेलो नाही.’

इथे पहिली दुरुस्ती. मी चुकलो होतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं एकदा सगळ्या कुंड्या वाटल्या, आणि मी ते चालल्याचं मंडळात जाहीर केलं. मंडळानं त्यांचा शाल-नारळ देऊन निरोपसमारंभ केला. भाषणं झाली, एक-दोन बायका रडल्या. त्या गृहस्थांनी संकोचानं शाल घेतली आणि मग हळूच सांगितलं की बायकोला परागकणांची अ‍ॅलर्जी आहे. ते अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतात. लिफ्टमध्ये भेटले की मी मोबाइलमध्ये बघतो. नातीला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

तिनं थोडा वेळ विचार केला. मी शेजारी बसून गल्फमधल्या माणसाला सामान कसं वाचता येतं त्याची दोन-चार उदाहरणं दिली. सगळी बरोबर ठरलेली. शेवटी तिनं लिहिलं: जाण्याच्या लक्षणांचा दीर्घ अनुभव असलेल्या एका सूत्राच्या मते नट ही मालिका सोडत आहे. मला वाचून दाखवलं तेव्हा ‘दीर्घ अनुभव’ या शब्दांवर मी खूश झालो. आयुष्यभराच्या नोकरीत माझ्याविषयी कुणी इतकं बरं लिहिलं नव्हतं.

बातमी वणव्यासारखी गेली. कुणी तिचं स्पॅनिश केलं, कुणी त्या नटाची आजवरची सगळी दृश्यं जोडून निरोपाचा व्हिडिओ केला. पुढचा नट कोण यावर भांडणं सुरू झाली. मी संध्याकाळी फिरायला जाताना जरा ताठ चालत होतो.

मग त्या नटानं स्वतःच एका कार्यक्रमात सांगितलं. घराला रंग देत होतो. रंगाच्या वासानं झाडं खराब होतात म्हणून ती शेजारणीकडे ठेवली. आणि हो, पुढचा सीझन मीच करतोय.

त्यानंतर लोकांनी नातीला जे लिहिलं ते मी इथे देत नाही. खोटारडी हा त्यातला सौम्य शब्द. टीमप्रमुख शिक्षिकाबाईंनी सभ्यपणे विचारलं की तुझं सूत्र कोण. ती म्हणाली, सूत्र सांगायचं नसतं. त्यांनी तितक्याच सभ्यपणे तिला टीममधून काढलं. हे चाललेलं असताना ते सूत्र समोरच्या खुर्चीत बसून पोहे खात होतं.

दोन दिवसांनी माझ्या मुलाच्या कानावर हे सगळं गेलं, सुनेच्या मैत्रिणीच्या मुलीकडून. मरीना भागातल्या ऑफिसातून आला तोच तापलेला. बुटांसकट हॉलमध्ये उभा राहिला. नात सोफ्यावर बसली होती, पण त्यानं विचारलं मला.

‘अप्पा, तुम्ही दिवसभर घरात असता. हे हिला कुणी सांगितलं?’

‘मला काय माहीत,’ मी म्हणालो. ‘इंटरनेटवरचं काहीतरी असेल.’

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. असलं खोटं माणसं बोलतात आणि पचवतातही. पण मुलाचा चेहरा मला पुरेसा समाधानी वाटला नाही, म्हणून मी नातीकडे वळलो आणि तिला चार शब्द सुनावले. बातमी म्हणजे जबाबदारी असते. खात्री केल्याशिवाय माणसानं तोंड उघडू नये. कुणीही काहीही सांगेल, आपली अक्कल कुठे गेली होती? आमच्या वेळी असं नव्हतं. मी चांगला घसा साफ करून बोललो. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकू लागली होती आणि मला वाटतं तिला ते पटत होतं.

नात माझ्याकडे बघत होती. मी थांबेपर्यंत थांबली आणि म्हणाली, ‘ओके, आजोबा.’

त्या दोन शब्दांत टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे काही महिने त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. बोललं गेलं ते तिच्या कॉलेजवर. तिला पत्रकारिता शिकायची होती. मुलाचं उत्तर ठरलेलं असायचं.

‘घरबसल्या एक बातमी दिलीस तर जगभरची माणसं शिव्या द्यायला आली. त्यात करिअर करणार? कॉमर्स कर. खलास.’

ती वाद घालत नसे. बापाला गप्प करणारं एक वाक्य तिच्याकडे होतं, आणि ती ते वापरत नव्हती. मी जेवताना आमटी वाढून घ्यायचो आणि आमटीत मिरची जास्त आहे वगैरे बोलायचो.

आणि मग तो नट खरंच गेला. पुढचा सीझन करून, नीट जाहीर करून, हसत हसत. यात आश्चर्य काहीच नाही. त्या मालिकेत सगळे जातात, दुबईतही सगळे जातात. ‘हा जाणार’ म्हणणारा माणूस कधीच चुकत नाही, त्याची फक्त वेळ चुकते. पण भक्तमंडळींना जुनी बातमी आठवली. अरे, त्या दुबईच्या मुलीला वर्षभर आधी माहीत होतं. नट तेव्हा खोटं बोलला, ती खरं बोलत होती. ज्यांनी खोटारडी म्हटलं होतं त्यांनी लांबलचक माफ्या मागितल्या. शिक्षिकाबाईंनी तिला टीममध्ये परत बोलावलं.

घरातही हवा पालटली. मुलानं रात्रीच्या जेवणाला बाहेरून बिर्याणी मागवली. ‘म्हणजे हिचं सूत्र पक्कं होतं तर,’ तो म्हणाला. ‘आपणच ऐकलं नाही. अप्पा, तुम्ही तर केवढं ओरडलात तिला.’

‘हो ना,’ मी म्हणालो.

‘यल्ला, चल, कर पत्रकारिता,’ तो तिला म्हणाला. ‘इन्शाल्ला, एक दिवस आम्हालाही आधी बातमी देशील.’

मला वाटलं, सुटलो. सगळे खूश आहेत, मुलीला हवं ते मिळालं, कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. ती बिर्याणी मी दोनदा वाढून घेतली.

जेवण झाल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

‘आजोबा, त्यांना वाटतंय माझ्याकडे इनसायडर आहे. नेक्स्ट अ‍ॅक्टर कोण ते विचारतायत.’

‘मग सांगू नकोस. सूत्र गप्प आहे म्हण.’

‘पण इनसायडर नव्हताच. देअर वॉज नेव्हर अ‍ॅन इनसायडर. घराला पेंट होता.’

‘शेवटी गेला ना तो?’

‘तेव्हा जात नव्हता,’ ती म्हणाली. ‘उद्या टीमची व्हिडिओ मीटिंग आहे. मी सांगणार आहे की तो गेस होता. कुणाचा ते सांगणार नाही. डोन्ट वरी.’

मी तिला म्हटलं की तुझ्या बापाला कळलं तर कॉलेजचं काय. तिनं खांदे उडवले. पण ते उडवण्याआधी तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. तिनं याचा विचार आधीच केला होता. एकदा खोटारडी ठरलेली मुलगी आता स्वतःहून दुसऱ्यांदा ठरायला निघाली होती, आणि या वेळी सोबत कॉलेजही जाणार होतं. आणि मी घाबरू नये म्हणून मलाच धीर देत होती.

‘सूत्रानं स्वतः सांगितलं तर चालतं का?’ मी विचारलं.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. ‘ऑन द रेकॉर्ड? नाव देऊन?’

‘हो, जसं करतात तसं.’

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर चौकोनात चौकोन, माणसं पिढ्यापिढ्यांची. शिक्षिकाबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. मी माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं की सूत्र मी आहे. खोके, भिंत, कुंड्या, सगळं सांगितलं. तिसऱ्या मजल्याची शालही सांगितली, ती नातीला पहिल्यांदाच कळली. नंतर, मुलीला तुम्ही काढलंत तेव्हा मी गप्प बसलो, हेही सांगितलं. कुणीतरी हसलं. शिक्षिकाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की आम्हीही त्याच्या दाढीवरून आणि केसांच्या ठेवणीवरून असेच अंदाज काढतो, फक्त त्याला बातमी म्हणत नाही. मग नातीला म्हणाल्या की एकाच सूत्रावर बातमी दिलीस ही चूक तुझी आहे, टीममध्ये ये, पण वर्षभर तुझी प्रत्येक बातमी दुसरं कुणी तपासेल. नात म्हणाली, ‘दॅट्स फेअर.’

लॅपटॉप बंद करून ती मला म्हणाली, ‘थँक यू फॉर गोइंग ऑन रेकॉर्ड.’ बाहेरच्या माणसाला म्हणावं तसं, अगदी नीट. मग उठून स्वतःच हॉलमध्ये बापाकडे गेली.

दार उघडंच होतं. तिनं सांगितलं, थोडक्यात. मुलानं एकच विचारलं.

‘मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?’

‘तुम्ही मला विचारलंच नाही, बाबा. त्यांना विचारलं.’

मी खोलीतच बसून राहिलो. बाहेर जावं असं वाटलं, पण बाहेर जाऊन बोलण्यासारखं जे होतं ते मी आधीच कॅमेऱ्यासमोर, परक्या लोकांना सांगून बसलो होतो. तिला ओरडल्याबद्दल मात्र मी त्यांच्याकडे चकार शब्द काढला नव्हता. ते तिच्या लक्षात आलं असणारच. म्हणून ते वर लिहिलं आहे, जेवढं बोललो तेवढं.

जरा वेळानं मुलगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं आता चिडेल.

‘अप्पा, जेवून घ्या,’ तो म्हणाला.

शनिवारी पत्रकारितेच्या कॉलेजमध्ये पालकांची भेट होती. सकाळी बापलेक दोघं तयार होऊन निघाले. ती बूट घालत होती आणि तो तिला विचारत होता की दोन सोर्स म्हणजे दोन वेगळी माणसं लागतात की एकाच माणसाला दोनदा विचारलं तर चालतं. ती हसली आणि लिफ्टकडे जाताना त्याला समजावून सांगू लागली. मला चला म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.