मी वाचून दाखवलेली तार

देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं, पण फारसं बोलणंही नव्हतं. सासूबाई रोज सकाळी देव्हाऱ्यातल्या खंडोबाला भंडारा वाहायच्या, तेव्हा मी शेजारी बसून वाती वळायचे आणि मनात भलतेच विचार चाललेले असायचे. माझे वडील पलटणीत कारकून होते. पेन्शन घेऊन साताऱ्याला घर केल्यावर त्यांनी मला समोर बसवून इंग्रजी शिकवलं, अर्ज कसे लिहायचे ते शिकवलं. नीट डोकं चालवून कागद तयार केला की जगात काही अडत नाही, असं माझं पक्कं मत होतं. ते मत कसं गळून पडलं, हे सांगताना आज इतक्या वर्षांनीही माझी जीभ जड होते.

लग्न होऊन मी आष्ट्याला आले. हे मराठी चौथी शिकलेले, पण तेलाच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. गुऱ्हाळाच्या दिवसांत आसपासच्या गावांतून बैलगाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. इंजिनं बसवायला आलेल्या एका साहेबानं त्यांचा हात पाहिला होता. तो साहेब पुढे इराणात तेलाच्या कंपनीत गेला आणि तिथून त्याचं पत्र आलं: कायमचेच या, राहायला घर मिळेल, वर्षा-दोन वर्षांत घरच्यांनाही आणा. लढाई संपून नुकतंच वर्ष झालं होतं. बोटी सगळ्या शिपाई परत आणण्यात गुंतलेल्या, म्हणून कंपनीनं विमानाचं तिकीट पाठवलं. आष्ट्यात तोवर कोणी विमान जवळून पाहिलेलंही नव्हतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांचा थोरला मुलगा लढाईत कामी आला तो तिकडच्याच वाळवंटात कुठेतरी. त्याची बातमी तारेनंच आली होती. त्यामुळे त्या धाकट्याला अडवतील असं मला वाटलं होतं, पण त्या अडवायला गेल्या नाहीत. सुखरूप पोचला की पालीला येऊन तळी भरीन, एवढं खंडोबाला बोलल्या आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसल्या.

तयारी सगळी माझ्याकडे होती. साताऱ्याला जाऊन फोटो काढला, देवीची लस टोचून घेतली, पासपोर्टचा अर्ज तीनदा भरला. हे परमुलखात एकटे, इंग्रजीचा गंध नाही, म्हणून मी बारा पुठ्ठे तयार केले. एका बाजूला त्यांच्यासाठी मराठीत काय करायचं ते, आणि मागच्या बाजूला साहेबाला दाखवायला इंग्रजी. पडवीत आमची तालीम चालायची. मी खुर्चीवर साहेब होऊन बसायचे, हे पुठ्ठा पुढे करायचे आणि मधेच त्यांना हसू फुटायचं. मी रागवायचे. नववा पुठ्ठा इराणच्या वाटेवर बसऱ्याला विमानातून उतरल्यावरचा. त्यावर मी लिहिलं होतं की कंपनीचा माणूस तुमच्या नावाची पाटी घेऊन येईल, तो येईपर्यंत कोणी काहीही म्हणो, जागा सोडायची नाही. मागे इंग्रजीत होतं की हे गृहस्थ कंपनीच्या माणसासाठी इथेच थांबणार आहेत, कृपा करून त्यांना दुसरीकडे नेऊ नये. परक्या मुलखात कोणी त्यांना फसवून नेईल ही माझी मोठी भीती. ते वाक्य मी चारदा खोडून लिहिलं. वडिलांना दाखवलं तर त्यांनी पाठ थोपटली.

वडील त्यांना मुंबईला विमानापर्यंत पोचवून आले. विमान सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन तार घेऊन दारात आला. आमच्या गल्लीत तार म्हणजे एकच गोष्ट. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून अंगणात जमल्या, एकीनं तर पदर डोळ्यांना लावलाही. आत्याबाई जोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “वाच.” त्या अंगणात इंग्रजी वाचणारी मी एकटी होते. तारेत कंपनीनं लिहिलं होतं की तुमचे पती बसऱ्याला विमानातून उतरले नाहीत, तपास चालू आहे. अक्षर न् अक्षर ओळखीचं होतं, पण अर्थ काही डोक्यात शिरेना. विमान आलं आणि माणूस आला नाही, म्हणजे काय? आकाशातून माणूस जातो कुठे? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काय बोलणार आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. तोंडातून शब्द बाहेर पडले, “सुखरूप पोचले.”

बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. आत्याबाई उठल्या, घरात गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. प्रत्येकीच्या हातावर त्यांनी चिमूट चिमूट साखर ठेवली, माझ्याही ठेवली. ती साखर मी कशी गिळली ते माझं मला माहीत. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी पालीला जायचं, नवस फेडायचा. मला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण एका मुलाची तार ऐकलेल्या आईला दुसऱ्याची कशी ऐकवायची? मी गुपचूप वडिलांना पत्र लिहिलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं की मुंबईला तार केली आहे, कुठे विमान पडल्याची बातमी नाही, बाकी काही कळत नाही. ते उत्तर चुलीत घालून मी भाकऱ्या थापल्या. त्या दिवसांत मी चालत होते, बोलत होते, गोठ्यातलं शेण काढत होते, आणि आतून नुसती दगड झाले होते.

रविवारी उंब्रजपर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि तिथून बैलगाडीनं आम्ही पालीला गेलो. देवळात गर्दी बेताची होती. पुजाऱ्यानं ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी मांडली, पाच जणांनी ताम्हण धरून तीनदा उचललं आणि मल्हारीच्या नावानं जयघोष झाला. आत्याबाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावर इतकी निवांत कृतज्ञता होती की मला ती बघवेना. न घडलेल्या गोष्टीचे आभार देव घेत होता आणि त्याला फसवणारी मी होते. माझ्या कपाळी भंडारा लागला तेव्हा मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी खरं बोलले. मनात म्हटलं, मला येत होतं तेवढं सगळं मी केलं, आता माझ्याजवळ काही नाही. माणूस तुझा आहे. ठेवलास तरी तुझा, नेलास तरी तुझा. बरं काही वाटलं नाही. फक्त तीन-चार दिवस आवळून धरलेलं काहीतरी हातातून सुटलं आणि मी तिथेच खांबाला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी आष्ट्याला परतलो तर पडवीत माझे वडील बसलेले. त्यांच्या हातात मुंबईहून आलेली तार होती. ते उठून आत्याबाईंना म्हणाले, “जावई पोचले.” मी हुंदके देऊन रडायला लागले. आत्याबाईंनी त्यांना एवढंच म्हटलं की दमून आला असाल, गूळपाणी घ्या.

तीन आठवड्यांनी ह्यांचं पत्र आलं आणि मला दुसरा धक्का बसला. बसऱ्याला वादळ होतं म्हणून विमान अलीकडेच एका लहानशा तळावर उतरलं होतं. सगळे उतरले तसे हेही उतरले आणि बसरा आलं असं समजून, नववा पुठ्ठा काढून बाकावर बसले. वादळ निवळल्यावर तळावरचा एक साहेब त्यांना विमानात बोलवायला आला. ह्यांनी पुठ्ठा दाखवला. साहेबानं तो वाचला, मान डोलावली आणि निघून गेला. माझं इंग्रजी इतकं चोख होतं की त्याला शंका घ्यायला जागाच उरली नाही. विमान गेलं. पुढचं चार दिवसांनी. हे पाटीवाल्याची वाट बघत दोन दिवस त्या बाकावर बसून राहिले. पाण्यापुरते उठायचे आणि जागा जाईल म्हणून पळत परत यायचे. चटणी-भाकरी संपली तरी उठले नाहीत. माझा शब्द मोडायचा नव्हता त्यांना! पत्र वाचताना मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

तिसऱ्या दिवशी धुण्याचं गाठोडं पाठीवर घेतलेला, पांढऱ्या पायघोळ अंगरख्यातला एक अरब समोरून जात होता. हे स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. तो थांबला, गाठोडं खाली ठेवलं आणि म्हणाला, “कुनाची वाट बगतोस रं, गड्या?”

ह्यांनी लिहिलंय की ते ऐकून वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. तो माणूस लढाईत चार वर्षं मराठी पलटणीबरोबर धोबी होता. पोरांचे कपडे धुता धुता त्यांची भाषा शिकला होता. इथं कुनी पाटीवाला येत न्हाई, ऊठ, असं तो म्हणाला. हे म्हणाले की बायकोनं जागा सोडू नगं म्हणून लिहून दिलंय. तेव्हा तो त्यांच्या शेजारी बाकावर बसला आणि समजुतीनं म्हणाला, “तिला सांग, मी उठिवलं.”

त्यानं त्यांना घरी नेऊन जेवू घातलं, तळावरच्या साहेबापुढे उभं करून सगळा उलगडा केला आणि विमान येईपर्यंत आपल्याकडेच ठेवलं. ह्यांनी थोरल्या भावाचं नाव सांगून त्याला विचारलंही. त्याला आठवलं नाही. तसली पोरं हजारानं होती, असं म्हणाला.

आम्ही तळी भरली त्याच वेळी तो धोबी भेटला असेल, असं ऐकणारे पुष्कळ जण म्हणतात. तसं नव्हतं. मी दिवस मोजून पाहिले. माझ्या कपाळी भंडारा लागला तेव्हा ह्यांना त्या बाकावरून उठून तीन दिवस होऊन गेले होते. म्हणजे आत्याबाई ज्याचे आभार मानत होत्या ते घडून गेलेलं होतं. फक्त मला ते माहीत नव्हतं. याहून जास्त अर्थ मी कधी काढला नाही.

त्या दिवशी पत्र वाचून दाखवल्यावर मी आत्याबाईंचे पाय धरले आणि पहिली तार खरी काय होती ते सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “मला ठावं हुतं. वाचताना तुजं व्हट पांढरं पडलं हुतं.”

मग साखर का वाटली, पालीला कशाला गेलो, तळी कसली भरली, असं काहीबाही मी विचारत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“काम झाल्यावर आभार समदेच मानत्यात. आदी मानलं, का देवाला न्हाई म्हनाया जड जातं.”

आणि त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. मी त्यांना सांभाळते आहे अशा समजुतीत मी सगळे दिवस काढले होते. मुलाचं काही बरं नाही हे ओळखून असलेली ती बाई माझ्या हातावर साखर ठेवत होती, मला खचू देत नव्हती. त्या धोब्याला मी कधी पाहिलं नाही, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. खंडोबाचे मात्र रोज मानते, आणि हल्ली मागायच्या आधी मानते.