खडूचा काटा

लातूर जिल्हा नवा झाला आणि दोन-तीन वर्षांतच दुष्काळ पडला. रेणापूरकडच्या आमच्या साखर कारखान्याला ऊसच नव्हता, बॉयलर थंड पडलेला. कंट्रोल रूमच्या रिकाम्या बसलेल्या ऑपरेटरांना वर्गात बसवून शिकवा, असं मॅनेजरसाहेबांनी ठरवलं. शिकवायला दोघं: वीस वर्षं बॉयलरवर काढलेला मी आणि हदगावकडचा एक नवा इंजिनिअर. ज्याचा वर्ग चांगला, तो पुढं प्रशिक्षण अधिकारी. ती खुर्ची माझीच, असं मी घरी सांगूनही बसलो होतो.

मी जाडजूड पुस्तकातून वही भरली आणि चार दिवस व्याख्या उतरवून दिल्या. दुसऱ्याच दिवशी निम्मे पेंगायला लागले. तो मात्र त्यांच्यात चहा पीत बसायचा, कोण कसं काम करतो ते विचारायचा. ही काय तयारी झाली? पण त्याच्या वर्गातून हसणं ऐकू यायचं आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटच्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. खरं सांगतो, त्याची फजिती व्हावी म्हणूनच.

त्यानं फळ्यावर खडूनं कंट्रोल रूममधलं अख्खं पॅनेल काढलं होतं, तबकड्या-काट्यांसकट. "मामा, वाफेचा दाब सांगा बरं."

माझ्या वर्गात चकार शब्द न काढलेला म्हातारा ऑपरेटर उठला, फळ्याशी गेला आणि खडूनं काढलेल्या काट्याला टिचकी मारून मग वाकून बघू लागला. वर्ग खो खो हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

तो हसला नाही. "टिचकी का मारली, मामा?"

"काटा अडकून ऱ्हातो की कवाकवा. टिचकी मारल्याबिगर वाचायचा न्हाई. त्या साहेबांनीच शिकवलंय, बॉयलरपाशी उभं करून." बोट माझ्याकडं होतं.

काटा खोटं बोलला तर आणखी कुठं बघायचं, यावर त्यानं पुढचा सगळा तास रंगवला. माझ्या वहीत टिचकी कुठंच नव्हती.

खुर्ची त्याला मिळाली. मला अभिमान वाटायला हवा होता, असं बायको म्हणाली. मला वाटला तो हेवाच, आणि तो आधीपेक्षा जास्त. माल माझा होता, शोभला त्याच्या हातात.

अभिनंदन करायला गेलो तेव्हा वर्ग रिकामा होता, फळा पुसलेला नव्हता. कुणी बघत नाही असं पाहून मी त्या काट्याला टिचकी मारली. नखाला खडू लागला.