थांबलेल्या मोटरमधला करंट

शिरोलीच्या एका फौंड्रीत बसलिंगाप्पा एकतीस वर्षं वायरमन आहेत. इतक्या वर्षांत त्यांना एकदाच शॉक बसला, तोही घरी, गीझरचा. त्यामुळं कारखान्यात आप्पांचा शब्द शेवटचा.

यंदा वाळू मळणाऱ्या मिक्सरचा जुना स्टार्टर काढून तिथं ड्राइव्ह बसवला. मोटरचा वेग कमीजास्त करणारी ती पेटी. मिक्सरचं दार उघडलं की मोटर आपोआप थांबायची. आप्पांना ते आवडलं.

एका सकाळी मोटरची वायर तापून काळी पडलेली दिसली. आप्पांनी दार उघडलं. मोटर थांबली. वायर सोडवायच्या आधी सवयीनं टेस्टर लावला, तर दिवा लागला.

"टेस्टर गेला वाटतं," म्हणत त्यांनी दुसरा आणला. तोही लागला.

मोटर तर ढिम्म उभी. आप्पांनी मेन स्विच पाडला, पेटी उघडली, मीटर लावला. पाचशेच्या वर व्होल्ट! स्विच खाली, तरी आकडा वर. आपण शिकलो ते सगळं खोटं होतं की काय?

त्यांनी शिवलीला मॅडमना बोलावलं. जयसिंगपूरच्या, वर्षापूर्वी लागलेल्या इंजिनीअर.

"मॅडम, बंद म्हंजे बंद असतंय की न्हाय?"

"आप्पा, दार उघडलं की ड्राइव्ह मोटरला फिरवायचं थांबवतो. वीज तोडत नाही. ती सोय पात्यापासून वाचवायला आहे, शॉकपासून नव्हे."

"मग मेन पाडला तरी?"

"आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारे भाग, भरलेले असतात. मेन पाडून, कुणी परत चालू करू नये म्हणून त्याला कुलूप घालायचं, पेटीवर लिहिलीत तेवढी मिनिटं थांबायचं, मीटरवर बघायचं. मगच हात."

आप्पांनी मान हलवली, पण डोक्यात काही शिरलं नाही. घरी जेवताना त्यांनी पंख्याचं बटण तीनदा चालू-बंद केलं. बायको बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात तीच पेटी गार ठेवणारा आतला पंखा अडकला. फिटर कृष्णात स्विच पाडून लगेच स्क्रूड्रायव्हर आत घालणार, तेवढ्यात आप्पा ओरडले, "ए, हात काढ!"

"बंद केलंय की आप्पा!"

"असू दे. कुलूप घाल आन् हितं बस."

सुपरवायझर दोनदा येऊन करवादले. आप्पांनी त्यांना मीटरकडं बोट दाखवलं. दहा मिनिटं दोघं पेटीसमोर बसून राहिले. सुरुवातीला चारशेच्या वर असलेला मीटरचा आकडा उतरत उतरत शून्यावर आला. कृष्णातचा चेहरा पांढरा पडला होता.

"आयला! पर एवढी वीज आत बसतीया कशी, आप्पा?"

"मलाबी अजून नीट कळलं न्हाय," आप्पा म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला.